न जाळणारा लेसर

भादरलेल्या पाठीवर उंदराचे केस जरा लवकर उगवले. जखमेवरच्या लेसर उपचाराचं मूळ एवढंच, आणि ते बुडापेस्टमध्ये आहे.

थिओडोर मेमन यांनी मे 1960 मध्ये कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला. डॉक्टरांनी लगेच तो कॅन्सरच्या गाठी जाळायला हाती घेतला. बॉस्टनचे पॉल मॅकगफ यांनी प्राण्यांमधल्या गाठी अशा नष्टही केल्या. हंगेरीचे सर्जन एंद्रे मेस्टर यांना तेच पडताळून पाहायचं होतं. 1967 च्या सुमारास त्यांनी उंदरांचे केस काढले, कातडीला चीर देऊन गाठ बसवली आणि वर लेसर सोडला. गाठ जशीच्या तशी. त्यांचं यंत्र मॅकगफ यांच्या यंत्राच्या पासंगालाही पुरत नव्हतं. पण मेस्टर यांची नजर गाठीवरून आजूबाजूला गेली. केस लवकर आले होते आणि चीरही लवकर भरली होती. मला या माणसाबद्दल मोठा आदर वाटतो तो इथे.

पुढे त्यांनी हेलियम-निऑनचा 632.8 नॅनोमीटरचा लाल किरण माणसांच्या वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमांवर वापरला. पेशींमधल्या मायटोकाँड्रियातलं एक एन्झाइम हा लाल उजेड शोषतं आणि पेशीला काम करायला बळ मिळतं, हे आज सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण. रशियाच्या टीना कारू यांनी त्याचा पाया घातला.

अशा चिवट जखमांमध्ये बेडसोअर आलाच. माकडहाड, खुबा, टाच; जिथे हाड कातडीला लागून असतं तिथे अंथरुणाचा दाब रक्त अडवतो आणि मांस आतून मरतं. उपचार दिसायला अगदी साधा. जखम सलाइनने धुतात, रुग्णाच्या आणि थेरपिस्टच्या डोळ्यांवर चष्मे चढतात, लाल ठिपका जखमेवर धरतात. 50 मिलिवॅटच्या किरणाने चौरस सेंटीमीटरला 4 जूल द्यायचे तर 80 सेकंद लागतात. ना चटका, ना धूर.

गुण येतो का? 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये 86 रुग्णांवर 904 नॅनोमीटरचा लेसर वापरून पाहिला. फरक पडला नाही. 2013 मध्ये पोलंडमध्ये 71 रुग्णांवर तीन तरंगलांबी ताडून पाहिल्या, त्यात 658 चा लाल किरण उजवा ठरला, 808 आणि 940 नाही. म्हणजे ‘लेसर’ म्हणून सगळं एकाच मापाने मोजणं चूक. रंग कोणता, मात्रा किती, यावर सारं आहे. 2014 मध्ये कोक्रेन या संस्थेच्या आढाव्याने 7 चाचण्या आणि 403 रुग्ण तपासले आणि प्रकाशोपचाराच्या बाजूने ठाम कौल देण्याइतका पुरावा नाही, असं सांगितलं. म्हणून माझं मत: हा किरण जोडीला घ्यावा, ड्रेसिंग आणि पोषण सोडून नव्हे.

कारण दाब तसाच राहिला तर कुठलाही उजेड ती जखम भरू शकत नाही. घरात कोणी अंथरुणाला खिळलं असेल, तर लेसरची चौकशी जरूर करा, पण त्याआधी दर दोन तासांनी त्यांची कूस बदला, आणि कूस बदलताना पाठ, खुबे, टाचा नीट उजेडात पाहा.