ॲक्रिंग्टनचे दिवाळे

दिवाळीच्या अंकात दिवाळ्याची हकीकत सांगायला बसलो, तर घरातली वडीलधारी मंडळी ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून दटावतील. पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडचा दुकानदार ज्या वहीला हळदकुंकू वाहतो, ती वही जमेची असते तशीच खर्चाचीही असते. खर्चाचे पान कोरे ठेवून कुणी तिची पूजा करीत नाही. म्हणून यंदा फराळाच्या ताटाशेजारी मी वाचकांपुढे एक जुनी वही उघडून ठेवणार आहे. ती आहे इंग्लंडातल्या एका लहानशा गावाच्या फुटबॉल संघाची.

मी शाळामास्तर. आमच्या वर्गात लँकेशायर येते ते भूगोलाच्या तासाला: दमट हवा, जवळच कोळसा, कापसाच्या गिरण्या आणि मँचेस्टरचे कापड. इतिहासाच्या तासाला ते पुन्हा येते, ते स्वदेशीच्या होळीत जळायला. ते कापड विणणारी माणसे शनिवारी दुपारी काय करीत होती, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसते. पण त्या शनिवारच्या दुपारनेच जगाला आजचा फुटबॉल दिला. १८५० च्या कायद्याने गिरण्यांतल्या बायकांना आणि पोरांना शनिवारी दुपारी दोननंतर कामाला जुंपणे बंद झाले. हळूहळू पुरुषांनाही ती सवलत मिळाली. भोंगा वाजला, हातात आठवड्याचा पगार पडला आणि पुढची अर्धी दुपार मोकळी झाली, की गिरणीगावातला माणूस जाणार कुठे? दारूच्या गुत्त्यात, नाही तर मैदानावर. पुष्कळदा दोन्हीकडे!

मँचेस्टरच्या उत्तरेला वीसेक मैलांवर ॲक्रिंग्टन हे असेच एक गिरणीगाव. इथे सूत निघे, कापड विणले जाई, आणि ‘हॉवर्ड अँड बुलो’ या कारखान्यात सूतगिरण्यांची यंत्रे घडत. ती यंत्रे जगभर जात, आपल्या देशातल्या गिरण्यांतही येत. आमचे आणि या गावाचे नाते त्याहूनही जुने आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस यायचा थांबला, आणि लँकेशायरमधल्या चुली विझल्या. त्याच वर्षांत मुंबईचे कापसाचे व्यापारी रातोरात कोट्यधीश झाले, आणि १८६५ साली युद्ध संपताच रातोरात बुडाले. एका गावाचा दुष्काळ दुसऱ्या गावाची दिवाळी होतो, असा हा बाजार.

इंग्लंडात खेळाडूला उघडपणे पैसे देऊन खेळवायला १८८५ साली मान्यता मिळाली. पगार सुरू झाला की पगाराची तारीख आली, आणि तारीख आली की उत्पन्नाची खात्री हवी. मैत्रीचे सामने आज ठरत आणि उद्या रद्द होत. यावर उपाय म्हणून १८८८ साली १२ संघांनी ‘फुटबॉल लीग’ स्थापन केली. ठरलेल्या दिवशी ठरलेला सामना, म्हणजे दारावर ठरलेली गर्दी. खेळाचा हा सगळा डोलारा मुळात पगाराच्या तारखेसाठी उभा राहिला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्या १२ संघांपैकी ६ एकट्या लँकेशायरचे होते, आणि त्यांतला एक ॲक्रिंग्टन. पण पाच वर्षांतच तो संघ खालच्या वर्गात ढकलला गेला. तिथे खेळायचे नाकारून १८९३ साली त्याने लीग सोडली आणि १८९६ साली तो मिटला. हे गावाचे पहिले दिवाळे.

तोवर गावात दुसरा संघ जन्माला आला होता. स्टॅन्ली स्ट्रीटवर कामगारांचा एक क्लब होता. त्यावरून १८९१ मध्ये निघालेल्या संघाला स्टॅन्लीचे नाव मिळाले. जुना संघ गेल्यावर त्याने गावाचेही नाव घेतले आणि तो ‘ॲक्रिंग्टन स्टॅन्ली’ झाला. १९१९ साली त्याने पील पार्क हे मैदान घेतले, आणि १९२१ साली लीगच्या तिसऱ्या वर्गात, उत्तर विभागात, त्याला जागा मिळाली. मधल्या काळात या गावावर मोठा घाला पडला होता. १ जुलै १९१६ रोजी सोम नदीच्या लढाईत ‘ॲक्रिंग्टन पॅल्स’ म्हणून ओळखली जाणारी पलटण चढाईला निघाली. सुमारे ७०० जणांपैकी ५८४ अर्ध्या तासाच्या आत ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यानंतर पाच वर्षांनी त्या गावातली माणसे तिकीट काढून मैदानावर उभी राहू लागली. ती नुसता खेळ पाहायला येत असतील असे मला वाटत नाही.

आता वही उघडू. गावाची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. दर पंधरवड्याला एक सामना घरच्या मैदानावर, म्हणजे दारावरचे उत्पन्न पंधरवड्याला एकदा. खेळाडूंचा पगार मात्र दर आठवड्याला. उन्हाळ्यात सामने नसतात, पण चांगला खेळाडू टिकवायचा तर उन्हाळ्यातही पगार चुकत नाही. शनिवारी पाऊस लागला तर निम्मे लोक घरी. एवढ्यावर चार मैलांवर ब्लॅकबर्न आणि सहा मैलांवर बर्नली. दोन्ही मोठे, नामांकित संघ. बस आली की ॲक्रिंग्टनचाच माणूस चार पैसे जास्त टाकून तिकडे जायला मोकळा. मग तूट भरून कशी काढायची? गावातले दुकानदार आणि कारखानदार संचालक म्हणून खिशात हात घालीत, बाजार भरवून पैसे उभे करीत, आणि अगदीच नड आली की आपला उत्तम खेळाडू मोठ्या संघाला विकीत. शेतकरी बियाण्याचे धान्य विकून देणे भागवतो, तसाच हा प्रकार. देणे भागते, पण पुढच्या पेरणीचे काय?

१९५० नंतरची काही वर्षे स्टॅन्लीची भरभराटीची. वॉल्टर गॅल्ब्रेथ नावाचा स्कॉटलंडचा व्यवस्थापक आला आणि त्याने आपल्या मुलुखातून इतके खेळाडू आणले, की १९५५ साली मैदानावर उतरलेले अकराच्या अकरा स्कॉटिश होते. संघ १९५५ मध्ये आपल्या विभागात दुसरा आला, १९५८ मध्ये पुन्हा दुसरा. नियम असा, की वरच्या वर्गात फक्त पहिला जायचा. दोनदा दार उघडले आणि दोनदा नाकासमोर बंद झाले. पण हुरूप असा, की आता गावाला मोठे प्रेक्षागार हवेसे वाटू लागले.

दक्षिण इंग्लंडात ऑल्डरशॉट इथे लष्करी संचलनाचा सोहळा होत असे. तिथले एक प्रेक्षागार विक्रीला निघाले. किंमत अवघी १,४५० पौंड. १९५८ साली संचालकांनी ते घेतले. मग ते सोडवायचे, इतक्या लांबून वाहून आणायचे, नव्याने उभारायचे, असे करता करता एकूण खर्च गेला १४ हजारांच्या घरात. आणि उभे राहिल्यावर ध्यानात आले, की ते प्रचंड पटांगणावरच्या पलटणी पाहण्यासाठी बांधलेले आहे. तिथे बसून फुटबॉल नीट दिसत नाही!

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. आपल्या नाटक कंपन्या वेगळ्या कारणाने बुडाल्या का? १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीवर महाराष्ट्राने जीव ओवाळून टाकला. पण रंगभूमीवर खरे भरजरी कपडे, खरी अत्तरे आणि मखमलीचे पडदे यांपुढे तिकिटाचा गल्ला पुरा पडेना, आणि कंपनी कर्जात रुतली. पुढे बोलपट आला, तेव्हा उरलासुरला प्रेक्षकही पांगला. ॲक्रिंग्टनला बोलपटाच्या जागी टेलिव्हिजन आले. लोकांचे प्रेम कमी होते असे दोन्हीकडे म्हणता येणार नाही. प्रेम भरपूर होते. ते वहीत कुठल्या खात्यावर मांडायचे, हे कुणाला ठाऊक नव्हते.

त्याच १९५८ साली लीगची फेररचना झाली. उत्तर आणि दक्षिण हे विभाग मोडून सबंध देशाचा एकच तिसरा वर्ग आणि त्याखाली चौथा वर्ग केला गेला. शेजारच्या गावी बसने जाणाऱ्या संघाला आता प्लिमथ आणि साउथॅम्प्टनपर्यंत प्रवास आला, मुक्कामाचा खर्च आला. दारावर मात्र ओळखीच्या शेजाऱ्यांऐवजी लांबचे पाहुणे, ज्यांच्यामागून कुणी प्रेक्षक येत नसे. गिरण्या तर एकामागून एक बंद पडतच होत्या. १९६० मध्ये स्टॅन्ली चौथ्या वर्गात घसरला. त्याच वर्षी शेजारचा बर्नली सबंध इंग्लंडचा विजेता झाला. जानेवारी १९६१ मध्ये खेळाडूंच्या पगारावरची आठवड्याला २० पौंडांची मर्यादा उठली. खेळाडूंच्या बाजूने पाहिले तर हा न्यायच होता. तरण्याताठ्या कारागिराचा पगार कायद्याने बांधून का ठेवायचा? पण एकाचा न्याय तो दुसऱ्याचा कडेलोट झाला.

फेब्रुवारी १९६२ मध्ये घरच्या मैदानावर रॉचडेलशी सामना झाला, तेव्हा तीन हजारसुद्धा प्रेक्षक नव्हते. कर्ज साठ हजार पौंडांच्या आसपास पोहोचले होते. सल्ल्यासाठी बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांना बोलावले. लॉर्ड धंद्याने मांसविक्रेते, हिशेबाला पक्के आणि बोलायला सडेतोड. वह्या पाहून त्यांनी सांगितले, की यात आता जीव नाही. २ मार्चला क्रू इथे स्टॅन्ली ४-० असा हरला. चार दिवसांनी लीगकडे राजीनाम्याचे पत्र गेले.

आणि मग गाव जागे झाले. पत्र गेले ही बातमी पसरताच मदतीचे शब्द येऊ लागले. संचालकांनी घाईघाईने दुसरे पत्र धाडले: राजीनामा परत द्यावा. लीगचे चिटणीस ॲलन हार्डेकर यांच्याकडून उत्तर आले, की दिलेला राजीनामा मागे घेता येत नाही. खेळून झालेल्या ३३ सामन्यांचे निकाल रद्द करून स्टॅन्लीचे नाव तक्त्यातून पुसण्यात आले. रिकाम्या जागेवर ऑक्सफर्ड युनायटेड या संघाची निवड झाली. गावात पुष्कळांनी लॉर्ड यांना शिव्या दिल्या. शेजाऱ्याने गळा दाबला असे म्हटले. मला तसे वाटत नाही. आजाऱ्याला ‘वेळ गेली’ म्हणून सांगणाऱ्या वैद्याचा राग येतो खरा. पण जी मदत ७ मार्चला निघाली ती आदल्या वर्षी निघाली असती तर वैद्य लागलाच नसता. जिवंतपणी औषधाला पैसा नाही आणि तेराव्याला पंचपक्वान्ने, ही आपल्याकडचीच रीत तिकडेही दिसते.

खालच्या स्पर्धांत रखडत संघ १९६६ साली पुरता मिटला. हे दुसरे दिवाळे. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण १९६८ मध्ये बोल्ड स्ट्रीटवरच्या कामगारांच्या क्लबात काही माणसे जमली आणि त्यांनी नवा स्टॅन्ली काढायचे ठरवले. १९७० साली क्राउन ग्राउंड या साध्या मैदानावर, मोडक्यातोडक्या सोयींत, खेळ सुरू झाला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस दुधाच्या एका जाहिरातीत दोन पोरे बोलताना दाखवली होती: दूध पीत नाहीस तर तू ॲक्रिंग्टन स्टॅन्लीकडूनच खेळायच्या लायकीचा राहशील, आणि हे स्टॅन्ली कोण हे कुणाला ठाऊक? देश हसला. गावाने ती थट्टा मुकाट्याने पदरात घेतली आणि पायरी पायरीने वर चढत राहिले. २००६ साली, म्हणजे ४४ वर्षांनी, स्टॅन्ली लीगमध्ये परतला. आणि दैवाची करामत अशी, की त्याच वर्षी खाली घसरून लीगबाहेर पडलेल्या संघांत ऑक्सफर्ड युनायटेड होता. असे कथानक मी कादंबरीत घातले असते, तर संपादकांनी योगायोग जास्त झाला म्हणून परत पाठवले असते.

पण परत आल्याने वही बदलली नाही. २००९ साली ३ लाख ८ हजार पौंडांचा कर थकला आणि प्रकरण न्यायालयात जाऊन संघ पुन्हा मिटायची वेळ आली. या खेपेस मात्र गावाने आधी धाव घेतली. डबे फिरले, वर्गण्या झाल्या, आणि उरलेला मोठा भाग या गावाशी जुने नाते असलेले उद्योजक इल्यास खान यांनी भरला. २०१५ मध्ये अँडी होल्ट या तिथल्याच भागातल्या कारखानदाराने संघ हाती घेतला. २०१८ मध्ये स्टॅन्लीने चौथा वर्ग जिंकला आणि तो तिसऱ्यात गेला. २०२३ मध्ये पुन्हा खाली आला. तेव्हा हा संघ आता स्वतःच्या पायांवर उभा आहे असे म्हणणे खोटे होईल. कुणाच्या तरी खिशाचा आधार त्याला लागतोच. फरक एवढाच, की गाव आता तो खिसा अक्षय्य आहे असे समजत नाही.

नुसत्या खिशावर जगणाऱ्या संघांचे काय होते, हे आपण घरीच पाहिले आहे. ज्या १९६२ साली स्टॅन्लीने राजीनामा दिला, त्याच साली मुंबईत महिंद्र कंपनीचा संघ निघाला. पुढे ‘महिंद्र युनायटेड’ या नावाने त्याने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. त्याचे पगार कंपनी देई. दारावरच्या गर्दीवर तो कधी अवलंबून नव्हता. २०१० मध्ये कंपनीने पैसा दुसरीकडे, शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे, वळवायचे ठरवले आणि देशाचा एके काळचा विजेता संघ बंद झाला. त्यात लबाडी काही नव्हती; पैसा ज्याचा, निर्णय त्याचा. पण संघ गेल्यावर कुठल्या क्लबात दहा माणसे जमली आणि म्हणाली, की आपण पुन्हा काढू? उलट कोल्हापुरात पाहा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम ही नावे पेठांची आहेत, घरांची आहेत. तिथे पैशाची चणचण असेल, भांडणे तर असतातच. पण आश्रयदाता गेला म्हणून ती नावे पुसली जातील, असे शाहू स्टेडियमवरच्या गर्दीकडे पाहून कुणी म्हणणार नाही.

शाळेत मुलांना मी जमाखर्च शिकवतो, तेव्हा दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली पाहिजे असे सांगतो. ॲक्रिंग्टनची बेरीज शंभरावर वर्षांत क्वचितच जुळली असेल. तरी त्या वहीने मला एक गोष्ट शिकवली. संघ बुडतो तो बहुधा हिशेबाने, आणि परत उभा राहतो तो हट्टाने. पण हट्ट धरायला माणसांना ते नाव आपले वाटावे लागते. आपल्या गावातही असे काही असेल: वाचनालय, भजनी मंडळ, तालीम, हौशी नाटकवाल्यांचा गट. यंदा लक्ष्मीपूजन झाल्यावर त्याची वर्गणी भरून टाकावी. राजीनाम्याचे पत्र टपालात पडण्यापूर्वी भरलेली वर्गणी थोडीही पुरते. नंतरची कितीही मोठी असली तरी चिटणिसाचे उत्तर ठरलेले आहे.