दिसतं ते आणि असतं ते

आज आपण इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातल्या ग्रीक जगात जाऊ. प्रश्न साधा आहे. जे दिसतं, तेच खरं असतं का?

दक्षिण इटलीत एलिया नावाची ग्रीकांची वसाहत होती. तिथला पार्मेनिडीस म्हणाला, नाही. त्याचा युक्तिवाद ऐका. जे नाहीच, त्यातून काही निर्माण होत नाही. मग जे आहे, ते कधी जन्मलं नाही आणि नष्टही होणार नाही. म्हणजे जन्म, मृत्यू, हालचाल, बदल हा सगळा भास. सत्य एक आणि अचल. त्याचा शिष्य झेनो आणखी पुढे गेला. सुटलेला बाण प्रत्येक क्षणी स्वतःएवढ्याच जागेत असतो, म्हणजे तो स्थिरच आहे! बाण लागलेल्या सैनिकाला हे पटणार नाही. पण यात चूक नेमकी कुठे, यावर विद्वान शतकानुशतकं वाद घालत आले.

अब्देराच्या डिमॉक्रिटसनं वाट काढली. खरे आहेत ते अणू आणि पोकळी. अणू बदलत नाहीत, त्यांची जुळणी बदलते. गोडी, कडूपणा, रंग हे मात्र आपल्या मानण्यातले. पण तो इथेच थांबला नाही. त्यानं इंद्रियांकडून बुद्धीला सुनावलं, की पुरावा आमच्याकडून घेऊन आम्हालाच पाडशील, तर तूही पडशील.

मला हे फार मोलाचं वाटतं. वाळवंटात भर दुपारी दुर्बिणीतून पाणी दिसतं. ते मृगजळ आहे, हे आम्हा फौजींना ठाऊक असतं. पण का ठाऊक असतं? कारण आधी कुणीतरी तिथवर चालत जाऊन कोरडी वाळू पाहिलेली असते. डोळ्यांची चूक डोळ्यांनीच पकडली. बुद्धीनं त्याचा नियम केला. उलट, नकाशावर नसलेला नाला पुढच्या चौकीवरच्या जवानाला समोर दिसतोय आणि मागे बसलेला साहेब नकाशालाच धरून राहिला, तर किंमत जवान मोजतो.

म्हणून 'तुम्हाला दिसतं ते खोटं, मी सांगतो ते खरं' असं कुणी म्हणालं, की डिमॉक्रिटस आठवा. एवढंच विचारा, पुरावा कुणाच्या डोळ्यांनी पाहिला?

पुढच्या भागात प्लेटोची गुहा. सत्य पाहून तिथे परतणाऱ्याचं स्वागत कसं होतं, ते बघू. जय हिंद.