विवेकसिंधूची परिभाषा आणि जावास्क्रिप्टची वाक्यरचना

बीड जिल्ह्यातील अंबेजोगाई येथे, बालाघाटच्या डोंगरात, मुकुंदराजांची समाधी दाखविली जाते. त्यांच्या विवेकसिंधूचा रचनाकाल परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, मानला जातो. काल व स्थल या दोहोंविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु प्रस्तुत विवेचनास त्यांची बाधा येत नाही. वेदान्तविचार ओवीत मांडताना या ग्रंथात भाषेची एक वाटणी झालेली दिसते. ब्रह्म, माया, जीव ही नामे संस्कृतातून आली; वाक्य तोलून धरणारे प्रत्यय, अव्यये आणि क्रियापदे मात्र मराठी राहिली. पुढील मराठी शास्त्रलेखन बहुधा याच वाटेने गेले.

संगणकाला आज्ञा देण्यासाठी रचलेल्या भाषांत ही वाटणी नेमकी उलटते. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट ही भाषा सिद्ध केली. तिचे प्रमाण व्याकरण एक्मा या संस्थेने जून १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. तिच्यातील वाक्य हे विधान नसून बहुधा आज्ञा असते. नवशिक्याने पुढील ओळ लिहिली, असे समजू:

लेट क्षेत्र = ५;

‘क्षेत्र’ नावाचे एक स्थान असो आणि त्यात पाच हे मूल्य ठेवावे, असा तिचा आशय. येथील समचिन्ह समता सांगत नाही. उजवीकडचे मूल्य डावीकडच्या नावास देते. काटेकोर समता तपासावयाची तर तेच चिन्ह सलग तीनदा लिहावे लागते. अर्धविराम वाक्य संपवितो. तो गळाल्यास पुष्कळदा यंत्र स्वतःच तो गृहीत धरते, पण त्यावर विसंबणे शहाणपणाचे नव्हे.

वरील ओळ मात्र यंत्र स्वीकारणार नाही. ‘लेट’ हा २०१५ च्या आवृत्तीत आलेला शब्द व्याकरणाचा आहे. तो रोमन लिपीतच लिहिला पाहिजे. ‘५’ हा अंकही चालत नाही. राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदात ज्यास भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप म्हटले आहे, तेच येथे संख्या म्हणून ग्राह्य आहे. मौज अशी की ‘क५’ हे नाव म्हणून शुद्ध ठरते. म्हणजे देवनागरी अंकास नावात प्रवेश आहे, संख्येत नाही. तीन शब्दांपैकी निर्दोष उरतो तो एकटा ‘क्षेत्र’. नामे मराठी, व्याकरण परके, असा हा विवेकसिंधूचा व्युत्क्रम होय.

नावांची ही मोकळीकही आरंभापासून नव्हती. पहिल्या आवृत्तीत रोमनेतर अक्षरे केवळ टीपेत व अवतरणातील मजकुरात चालत. डिसेंबर १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीने युनिकोड संहितेतील अक्षरे नावांत मान्य केली. मात्र त्याच आवृत्तीने मराठीची एक अडचणही केली. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. लेखनात हा अर्थभेद रफार व अर्धा ऱ यांवरच उभा आहे. अर्धा ऱ लिहिण्याची एक प्रचलित रीत अशी की, ‘र’ व हलन्त यांपुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह द्यावयाचे. अशी अदृश्य चिन्हे व्याकरण लावण्यापूर्वीच काढून टाकावीत, असा तिसऱ्या आवृत्तीचा नियम होता. नियम अक्षरशः पाळल्यास बालाघाटच्या दऱ्या आणि दर्या हे एकच नाव ठरत होते. लिपीतील बारकावा निव्वळ अलंकार समजला की काय होते, त्याचे हे उत्तम उदाहरण. डिसेंबर २००९ च्या पाचव्या आवृत्तीने ते जोडचिन्ह नावाच्या अंगात राहू दिले आणि हा संकर मिटला.

तथापि त्यातून उलटा दोष निघाला. ‘दऱ्या’ हा शब्द जोडचिन्हाने लिहिता येतो, तसाच युनिकोडमधील स्वतंत्र ‘ऱ’ योजूनही. वाचणाऱ्यास दोन्ही रूपे बहुधा एकसारखीच दिसतात. जावास्क्रिप्ट मात्र संकेतांचा क्रम पाहते आणि ती दोन वेगळी नावे मानते. एका विद्यार्थ्याने पहिल्या रीतीने ठेवलेले मूल्य दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने मागितले, तर असे नाव ठाऊक नाही, एवढेच उत्तर मिळते.