बुडाले ते उरले

आमच्या आजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ असे. लहानपणी तिच्या मांडीवर बसून त्या पुतळ्या मोजणे हा माझा आवडता खेळ होता. प्रत्येक पुतळीवर गुडघे टेकलेली एक आकृती आणि तिच्यासमोर उभा असलेला एक पुरुष. आजी त्यांना देव समजून हात जोडी. पुढे नाण्यांचा नाद लागल्यावर मला कळले की, गुडघे टेकणारा तो व्हेनिसचा राजप्रमुख, उभा तो संत मार्क, आणि पुतळी म्हणजे व्हेनिसचे डुकाट नावाचे नाणे. पण तोवर माळ राहिली नव्हती. आत्याच्या लग्नात तिच्या पाटल्या झाल्या. सोनाराने पुतळ्या मुशीत टाकल्या आणि घटकाभरात त्या आटल्या. यात कुणाचा अपराध होता असे नाही. सोन्याच्या नाण्याचा जगभर बहुधा असाच शेवट होत आला आहे.

ही जुनी गोष्ट मला पुन्हा आठवली ती फार दूर, अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर. माझी मुलगी तिकडे असते. बापाचा नाद ठाऊक असल्यामुळे तिने मला सेबॅस्टियन गावाच्या परिसरात नेले. तिथे एका बाजूला खाडीचे संथ पाणी आणि दुसऱ्या बाजूला अटलांटिक महासागर, अशी वाळूची एक लांबट पट्टी आहे. तिच्यावर मॅक्लार्टी नावाचे छोटेसे संग्रहालय आहे. १७१५ साली फुटलेल्या स्पॅनिश गलबतांतून वाचलेले लोक जिथे तळ देऊन राहिले, तीच ही जागा. या भागाला लोक आज ‘ट्रेझर कोस्ट’, म्हणजे खजिन्याचा किनारा, म्हणतात.

त्या गलबतांतून निघालेली सोन्याची नाणी मी या भागातच प्रथम डोळ्यांनी पाहिली. वाचकांपैकी ज्यांनी ती पाहिली नसतील त्यांना सांगितले पाहिजे की, ही नाणी धड गोल नसतात. सोन्याची पट्टी ओतायची, तिचे तुकडे पाडायचे, वजन बरोबर येईपर्यंत कडा कातरायच्या आणि मग दोन ठशांमध्ये ठेवून वरून घण घालायचा, अशी ती पाडलेली. त्यामुळे एकासारखे दुसरे नाही. राजाचे नाव पुष्कळदा कडेबाहेर गेलेले, साल अर्धेच उमटलेले. सर्वांत मोठे नाणे आठ एस्कुदोंचे. वजन सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे आपल्या सव्वादोन तोळ्यांहून थोडे अधिक, आणि सोने बावीस कॅरटचे. लिमाच्या नाण्यावर समुद्राच्या लाटांतून वर आलेले दोन खांब असतात. मेक्सिकोच्या नाण्यावर एका बाजूस राजाची ढाल आणि दुसऱ्या बाजूस क्रूस. मेक्सिकोची टाकसाळ १५३५ची, पण तिथे सोन्याचे नाणे पडू लागले ते १६७९ साली.

हे सोने स्पेनला निघाले त्या वेळी तिथला राजा पाचवा फिलिप युद्धाने रिकामा झाला होता. वारसाहक्काच्या लढाया नुकत्याच संपल्या होत्या आणि तिजोरीत पैसा हवा होता. उबिया आणि एचेवेर्स या दोन सेनानींचे ताफे हवानाच्या बंदरात एकत्र झाले. निघायला आधीच फार उशीर झाला होता. वादळांचे दिवस तोंडावर आले होते. तरीही २४ जुलै १७१५ रोजी त्यांनी नांगर उचलले. ३० जुलैच्या रात्री वादळाने त्यांना गाठले आणि ३१च्या पहाटेपर्यंत बारांपैकी अकरा जहाजे या किनाऱ्याच्या खडकांवर फुटली. वाचले ते ग्रिफॉन नावाचे एकटे फ्रेंच जहाज. सुमारे हजार माणसे बुडाली. त्यांत स्वतः उबियाही होता.

बातमी हवानाला पोचताच मदत आली. माणसांना आणि सोन्यालाही. श्वास कोंडून तळाशी जाणाऱ्या पाणबुड्यांकडून स्पेनने बराच माल वर काढविला. त्याच हिवाळ्यात जमेकाहून हेन्री जेनिंग्ज नावाचा इंग्रज आपली माणसे घेऊन आला आणि वर काढून ठेवलेल्या खजिन्यातून लाखावर पेसो लुटून घेऊन गेला. काही वर्षांनी स्पेनने काम आवरते घेतले. उरले त्यावर वाळू बसत गेली, आणि अडीचशे वर्षांत ती जागाही लोक जवळजवळ विसरले.

इथे मला आजीची माळ आठवली. जी जहाजे सुखरूप पोचली, त्यांच्यावरील सोन्याचे काय झाले? ते युरोपभर गेले, आणि ठिकठिकाणी मुशीत पडून दुसऱ्या राजांची नाणी झाले. म्हणूनच १९६० पूर्वी मेक्सिकोची ही घणाखालची सोन्याची मोहोर मोठमोठ्या संग्रहांतही अतिशय दुर्मिळ होती. पोचले ते हरवले आणि बुडाले तेवढेच उरले. आज संग्राहक हौसेने हातात घेतो ते प्रत्येक नाणे हजार माणसांच्या मरणामुळे त्याच्यापर्यंत आले आहे, हे विसरून चालणार नाही.

ते पुन्हा वर आले त्याची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. किप वॅग्नर हा घरे बांधणारा साधा माणूस. वादळानंतर किनाऱ्यावर फिरताना त्याला काळवंडलेली रुप्याची नाणी सापडू लागली. महायुद्धातून उरलेले, जमिनीतला धातू ओळखणारे एक यंत्र त्याने स्वस्तात घेतले. त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली : सापडलेल्या एकाही नाण्यावर १७१५ नंतरचे साल नव्हते. जाणकार म्हणत होते की, ते आरमार पुष्कळ दक्षिणेला बुडाले. तेव्हा वॅग्नरच्या एका डॉक्टर मित्राने ग्रंथालये धुंडाळली आणि बर्नार्ड रोमान्स याच्या १७७५च्या पुस्तकात त्या बुडित आरमाराची खूण याच किनाऱ्यावर शोधून काढली. इतिहास लिहिणाऱ्यांहून वाळूतल्या नाण्यांचे म्हणणे खरे ठरले. मे १९६४ मध्ये, मेल फिशर आणि त्याच्या सोबत्यांनी जहाजाच्या पंख्याचे पाणी नळीतून खाली सोडून वाळू उडविली, तेव्हा एका दिवसात हजारावर सोन्याची नाणी उघडी पडली. रुपे समुद्रात काळे पडते, त्याचे गोळे होतात; सोने मात्र कालच टाकसाळीतून निघावे तसे पिवळेधमक होते.

पण इथेच खरा प्रश्न उभा राहतो. रुप्यावर काळाची खूण उमटते, सोन्यावर उमटत नाही. ते कुठे पडले होते, कोणत्या जहाजावर होते, शेजारी काय होते, हे सोने सांगत नाही. ती जागा सांगते. वाळू उडाली की जागा गेली. मग उरतो तो एक कागद : हे नाणे १७१५च्या ताफ्यातले आहे, असे सांगणारा. त्या कागदासाठी संग्राहक सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट पैसे मोजतो. म्हणजे विकत घेतली जाते ती हकीकत, आणि हकीकत खोटीही असू शकते.

याचा दाखला याच किनाऱ्यावरचा आहे. २०१५ साली परवाना असलेल्या एका कुटुंबाला समुद्रात १०१ सोन्याची नाणी मिळाली. त्यांपैकी ५१ त्यांनी दाखविली आणि ५० दडविली, असे पुढे तपासात निघाले. २०२४ साली सरकारी तपासनिसांनी त्यांतली ३७ परत मिळविल्याचे जाहीर केले. नवलाची गोष्ट अशी की, चोरलेल्यांपैकी तीन नाणी २०१६ साली पुन्हा समुद्राच्या तळाशी नेऊन ठेवली होती. आता ती ‘सापडावीत’ म्हणून! त्या तीन नाण्यांचे सोने खरे, ठसा खरा, समुद्रही खरा; फक्त त्यांचे सापडणे खोटे.

अशा सोन्याचा धनी कोण, हाही वाद आहेच. मेर्सेदेस नावाचे स्पॅनिश जहाज ५ ऑक्टोबर १८०४ रोजी इंग्रजांच्या तोफांनी पोर्तुगालच्या किनाऱ्यापुढे उडाले. त्याच ताफ्यातील दुसऱ्या जहाजावरून दिएगो दे आल्वेआर हा अधिकारी पाहत होता. उडालेल्या जहाजावर त्याची बायको आणि सात मुले होती. २००७ साली एका अमेरिकन कंपनीने त्या जागेतून सुमारे ५,९४,००० नाणी काढली. बहुतेक रुप्याची, थोडी सोन्याची. स्पेन न्यायालयात गेले. पेरूनेही हक्क सांगितला, कारण पुष्कळ नाणी लिमाच्या टाकसाळीतली होती. अखेर २०१२ साली सगळा माल स्पेनला गेला. आता त्यातले एकही नाणे बाजारात यायचे नाही. एक संग्राहक म्हणून मला क्षणभर हळहळ वाटली; दुसऱ्या क्षणी त्या सात मुलांची आठवण झाली आणि झाले ते योग्यच झाले असे वाटले.

परतण्यापूर्वी मुलगी मला एका शहरात जुन्या नाण्यांच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने मखमलीवर दोन एस्कुदोंचे एक नाणे ठेवले. अर्ध्या तोळ्याहून थोडे जड, बोगोटाचे असावे. किंमत माझ्या आवाक्यातली होती, आणि म्हणूनच मनात शंका आली. मी विचारले, “हे निघाले कुठून?” तो म्हणाला, “एका जुन्या संग्रहातून.” “कागद?” तो नुसताच हसला. मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, घ्या ना. पुन्हा कधी यायचे होणार?” मी ते नाणे पुष्कळ वेळ तळहातावर ठेवले आणि परत दिले.

यात माझा मोठेपणा नाही, हे मला घरी आल्यावर कळले. कपाटातून माझी पेटी काढली. चाळीस वर्षांत जमविलेली नाणी. काही आठवडी बाजारातली, काही सोनाराकडून सोन्याच्या भावाने सोडवून घेतलेली. नाणी आटू दिली नाहीत, याचा मला केवढा अभिमान! पण ती कुठल्या शेतात, कुठल्या भिंतीत, कुठल्या हंड्यात सापडली, हे मी एकालाही विचारले नव्हते. पुरलेले धन सापडले तर सरकारला कळवावे, असा कायदा आपल्याकडे १८७८पासून आहे. तो मला पाठ होता. फ्लॉरिडातल्या परक्या दुकानदाराला विचारलेला प्रश्न मी आपल्या माणसांना कधी विचारला नाही, कारण उत्तर ऐकायचे नव्हते.

आता रोज संध्याकाळी चार-पाच पाकिटे घेऊन बसतो. कोणाकडून घेतले, केव्हा घेतले, तो काय म्हणाला, आठवेल तेवढे लिहितो. पुष्कळ पाकिटांवर ‘माहीत नाही’ असेच लिहावे लागते. पेटीच्या तळाशी आजीचा एक जुना फोटो आहे. गळ्यात माळ आहे. भिंग लावून पाहिले तर पुतळ्या मोजता येतात. त्यांच्यावरचे चेहरे मात्र दिसत नाहीत. त्या फोटोमागेही मी लिहून ठेवले आहे : पुतळ्या एकवीस, आत्याच्या लग्नात आटविल्या.