फराहबागेतली बाग कुठे गेली?

अहमदनगर, आता सरकारी कागदावर अहिल्यानगर, हे माझं आजोळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत भिंगारला मामूंकडे राहायला गेलो की ‘फऱ्याबाग’ हा शब्द सारखा कानावर पडायचा. मला वाटायचं, तिथे आंबे असतील, पेरू असतील. हट्ट करून एकदा मामूंबरोबर गेलो. समोर एक भलामोठा कोरडा खड्डा, त्यात वाढलेलं गवत आणि मधोमध उभी एक अजस्र, गिलावा उडालेली इमारत. मी विचारलं, “मामू, बाग किधर है?” ते म्हणाले, “येच तो है.”

तो प्रश्न इतकी वर्षं डोक्यात राहिला. बागेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागेत बागच नाही, याचं तिथे कुणालाच नवल वाटत नव्हतं.

फराहबाग, म्हणजे मूळची फराहबक्ष बाग, आनंद देणारी. शहराच्या आग्नेयेला, कोटाबाहेर निजामशाही सुलतानांनी उभारलेला हा बागेतला महाल. पाण्याने भरलेला मोठा चौरस हौज, त्याच्या मध्यभागी दुमजली महाल, तिथपर्यंत जाणारी दगडी वाट आणि भोवताली बाग, अशी मूळची रचना. महालाचे चारही कोपरे छाटलेले आहेत, त्यामुळे तो अष्टकोनी दिसतो. चारही बाजूंना उंच कमानी आहेत आणि आत घुमटाखाली दोन मजल्यांइतका उंच दिवाणखाना. दगड, चुना आणि लाकूड यांचं हे काम. उन्हातून आत पाऊल टाकलं की आजही गारवा लागतो. हौज भरलेला असताना पाण्यावरून येणारा वारा त्या कमानींतून आत शिरत असेल, तेव्हा काय होत असेल!

दरवर्षी कुणीतरी मला मेसेज पाठवतं, ‘ताजमहालची प्रेरणा आपल्या नगरची फराहबाग आहे’. पाठवणाऱ्यात आपलेच लोक जास्त. मला ही बढाई पटत नाही. मधे मोठा दिवाणखाना आणि भोवती आठ दालनं, या रचनेला ‘हश्त बिहिश्त’ म्हणजे आठ स्वर्ग म्हणतात आणि ती इराण, मध्य आशियापासून दिल्लीपर्यंत सगळीकडे वापरात होती. दिल्लीतला हुमायूनचा मकबरा फराहबागेच्या आधी पुरा झाला होता. शाहजहानला त्यासाठी नगरला येण्याची गरज नव्हती. फराहबागेला मोठं व्हायला ताजमहाल लागत नाही, तिची स्वतःची कहाणी पुरेशी आहे.

ती कहाणी मुर्तजा निजामशाहपासून सुरू होते. 1565 साली तो गादीवर आला. त्याचा वजीर चंगेजखान हा कर्तबगार माणूस. 1574 साली वऱ्हाड निजामशाहीत आलं, त्यात त्याचा मोठा वाटा. पण दरबारात कान भरणाऱ्यांची कमी नव्हती. वजीर स्वतःच राजा व्हायला निघालाय, असं सुलतानाच्या मनात भरवण्यात आलं आणि त्याने चंगेजखानाला विष देवविलं. वजीर निर्दोष होता हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. मुर्तजाने राज्यकारभारातून अंग काढून घेतलं आणि तो एकांतात गेला. लोक त्याला ‘दिवाना’ म्हणू लागले.

फराहबागेचं बांधकाम 1576 ते 1583 मधलं, म्हणजे या घटनेच्या लगेच नंतरचं. आधी नियामतखानाने महाल बांधला, पण तो सुलतानाला आवडला नाही. तो पाडायला लावला आणि सलाबतखानाने नव्याने उभा केला. मग मुर्तजा तिथे जाऊन राहू लागला. फत्तेशाह नावाच्या दिल्लीच्या कलावंताबरोबर बुद्धिबळाचे डाव मांडू लागला. त्या कलावंतासाठी बागेतच लक्कडमहाल बांधला गेला. पाण्याच्या मधोमध, एकाच वाटेने जाता येईल असं घर! आपण त्याला विलासमहाल म्हणतो. मला तो लपण्याची जागा वाटतो.

दरम्यान राज्य चालवत होता तो सलाबतखान. फरिश्ता हा इतिहासकार त्या काळात नगरच्या दरबारी चाकरीत होता. तो सांगतो की, पुढे सुलतानाने सलाबतखानालाही कैद करण्याचा हुकूम दिला. फौज, खजिना, सगळं त्याच्या हातात होतं. सुलतानाचं डोकं ठिकाणावर नाही, हुकूम मानू नका, असं लोक सांगत होते. त्याने बेड्या मागवून स्वतःच्या पायात घातल्या आणि तो कैदेत गेला. या वागण्याला निष्ठा म्हणावं की चूक, माझं अजून ठरलेलं नाही. कारण तो गेला आणि राज्याची घडी विस्कटली. 1588 साली मुर्तजाच्याच मुलाने, मीरान हुसेनने, बापाला हमामात कोंडून मारलं. पुढच्या बारा वर्षांत नगरचा किल्ला मुघलांच्या हाती गेला.

राजे-वजिरांची गोष्ट इथे संपते. बाग कुठे गेली, हा प्रश्न उरतोच.

नगर हा कमी पावसाचा मुलूख. इथे हौज भरायचा आणि बाग हिरवी ठेवायची तर पाणी लांबून आणावं लागतं. 1490 साली शहर वसल्यापासून निजामशाहीत हेच काम चाललं होतं. कापूरवाडी, शेंडी, नेप्ती, शहापूर अशा भोवतालच्या गावांकडून, उंचावरून, जमिनीखाली खापरी नळ टाकून पाणी शहरात आणि बागांत खेळवलं होतं. पंप नाही, मोट नाही, फक्त उतार. मधे मधे उसासे बांधायचे, म्हणजे नळात कोंडलेली हवा बाहेर पडते आणि पाण्याचा जोर सांभाळला जातो. नळाचा उतार थोडा चुकला तरी पुढे पाणी पोचत नाही. मातीचे नळ भाजणारे कुंभार, चर खणणारे बेलदार, चुन्याने सांधे लिंपणारे गवंडी, दरवर्षी गाळ काढणारे हात, यांच्यातल्या कुणाचंही नाव फरिश्त्याने लिहिलेलं नाही. फराहबाग खरी त्यांची. सुलतान बदलले तरी महाल उभा राहिला, कारण दगडाला रोज पाणी लागत नाही. बागेला लागतं. नळ बुजले, हौज आटला, तेव्हा बाग मेली. इतकं साधं उत्तर होतं, आणि मी ते वर्षानुवर्षं सुलतानांच्या गोष्टींत शोधत होतो.

त्या पाण्याचा एक ओघ मात्र दुसरीकडे निघाला असावा. विष देऊन मारलेल्या चंगेजखानाचा एक हबशी गुलाम होता. धन्याच्या मृत्यूनंतर तो मोकळा झाला, शिपाईगिरी करत वर चढला आणि अखेर निजामशाहीचा आधार बनला. तो मलिक अंबर. त्याने वसवलेल्या खडकीला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, याच धर्तीवर जमिनीखालून पाणी आणलं. ती नहर-ए-अंबरी. नळाची ही विद्या तो तरुणपणी नगरमध्ये बघत शिकला असेल, हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. पण ज्या शहरात चालता चालता उसासे दिसत होते, तिथे तो राहिला, हे तर खरंच.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. मामू आता नाहीत. फराहबागेजवळच रणगाड्यांचं संग्रहालय आहे, तिथे सहलीच्या बसगाड्या लागल्या होत्या. रणगाड्याला इंग्रजीत ‘टँक’ म्हणतात आणि पाण्याच्या हौदालाही ‘टँक’च. एका टँकपाशी पोरांची गर्दी, दुसऱ्यात मी एकटा उतरलेलो. हौजाच्या कोरड्या तळाला उभं राहून वर पाहिलं, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की महाल खालून, पाण्याच्या जागेवरून किती उंच दिसतो.

बाहेर आलो तर रिक्षावाला थांबून होता. म्हणाला, “आता चांदबीबी महालला सोडू का?” शाहडोंगरावरची ती तीन मजली अष्टकोनी इमारत चांदबीबीची नाही. 1589 साली वारलेल्या सलाबतखानाची ती कबर आहे. त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, “असेल साहेब, पण चांदबीबी म्हटल्याशिवाय कुणी बसत नाही रिक्षात.” आम्ही डोंगराच्या रस्त्याला लागलो.