गाविलगडाचा निवद

सोयाबीन विकून झालं, तूर अजून शेंगा भरतेय. मधल्या दोन मोकळ्या दिवसांत वाशिमहून चिखलदऱ्याला जाऊन गाविलगड पाहून आलो. आज वावराऐवजी त्याचीच नोंद.

नाव गवळ्यांवरून पडलं म्हणतात. दगडी किल्ला बहमनी सुलतान अहमदशहानं १४२५ मध्ये बांधला. शार्दूल दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलाय, मान दुखेपर्यंत बघत राहिलो. आत मोडकी मशीद, गवतात पडलेल्या तोफा, देवतलाव.

२९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई भोसले हरले. उरलेलं काही पायदळ या गडावर आलं. इंग्रजांच्या स्टीव्हन्सननं डोंगरातून तोफा ओढत उत्तरेच्या बाजूला आणल्या आणि १५ डिसेंबरला वेलस्लीच्या फौजेनं गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. गड जातोय म्हटल्यावर राजपुतांनी आपल्याच बायका-मुलींवर हत्यार चालवलं. काही मेल्या, काही जखमी होऊन जगल्या. लोक याला जोहार म्हणतात. मला तो शब्द जड जातो. त्या बायांना कोणी विचारलं होतं का?

दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. तोवर वऱ्हाडचा महसूल निजाम आणि भोसले दोघंही घ्यायचे. आता वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. त्यात आपलं वाशिमही आलं. म्हणजे तिकडं तट फुटला अन् इकडं आपल्या वावराचा मालक बदलला! पुढं १८५८ मध्ये तात्या टोपे गडात शिरतील या धास्तीनं इंग्रजांनी किल्लाच निकामी केला.

चिखलदऱ्याला देवी पॉइंटवर ही गर्दी. नारळ, अगरबत्त्या, फोटो. गडावर मात्र त्या बायांच्या नावाचा साधा शेंदराचा दगड मला दिसला नाही. आपल्याकडं तर विहिरीवर आसरा असतात, धुऱ्यावर म्हसोबा असतो, पेरणीआधी त्यांना विचारल्याशिवाय तिफण चालत नाही. घरी आल्यावर मायला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यायले कोनी निवद दाखवते का नाई रे?"

मी गप्प बसलो. मंग तिनंच तुरीच्या ओल्या शेंगा उकडल्या, भाकरीचा तुकडा ठेवला आणि विहिरीवरच्या आसरांपुढं एक पान जास्तीचं मांडलं.