दोषाची ओढ : भयमालिका आणि पुनर्लेखक प्रेक्षक

भयमालिकेचा प्रेक्षक केवळ भीतीच्या ओढीने पडद्यासमोर बसतो, हे गृहीतक तपासून पाहावयास हवे. 'झी मराठी' वाहिनीवर २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. कोकणातला वाडा, मालवणी बोली आणि कुटुंबप्रमुख अण्णा नाईकांचा मृत्यू येथून तिचा प्रारंभ झाला. कोकण अंधश्रद्ध म्हणून रंगविले जात आहे, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या राज्यात तो अगदीच अनाठायी नव्हता. पण या वादात मूळ प्रश्न बाजूला पडला. भयकथेत भूत म्हणजे न फिटलेला हिशेब असतो. भूत दिसले की प्रेक्षक विचारतो, या घरात पूर्वी काय घडले? या साहित्यप्रकाराची ओढच मुळी मागे, दोषाकडे असते.

२०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाने नेमके हेच केले. काळ मागे नेऊन अण्णांना जिवंत केले आणि शेवंताला केंद्रस्थानी आणले. अण्णा लंपट, क्रूर आणि खुनी. शेवंता दुसऱ्याची बायको, मोहाने त्यांच्याकडे ओढली गेलेली. शेवट ठाऊक असल्याने 'पुढे काय' या कुतूहलाची जागा 'दोष कोणाचा' या विवादाने घेतली. २०२१ मधील तिसऱ्या पर्वात शेवंताची भूमिका अपूर्वा नेमळेकर यांच्याकडून कृतिका तुळसकर यांच्याकडे गेली, तेव्हा 'खरी शेवंता' कोणती यावर चर्चा झडली. ज्या पात्राचे खरेखोटेपण प्रेक्षक ठरवू लागतो, ते पात्र निर्मात्याच्या हातून अर्धेअधिक सुटलेलेच असते.

हेन्री जेन्किन्स यांनी 'टेक्श्चुअल पोचर्स' (१९९२) या ग्रंथात अशा प्रेक्षकाला परक्या रानात शिकार करणाऱ्याची उपमा दिली. मिशेल द सेर्तो यांच्याकडून घेतलेली ही उपमा मराठी परंपरेला मात्र नीटशी लागू पडत नाही, कारण येथे रान परके नव्हतेच. दशावतारात आख्यान सर्वांना ठाऊक असते आणि संवाद नट उभ्याउभ्या रचतो. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' (१९६७) मध्ये कर्णाबरोबर शोण आणि वृषाली हेही निवेदक होतात. महाभारतात ज्यांना जवळपास वाचाच नाही, त्यांना ती मिळते. द्यूतसभेत द्रौपदीचा अवमान करणारा कर्ण हा सदोष नायकच. त्याची बाजू आतून मांडण्याची ही उठाठेव आणि पाश्चात्त्य अभ्यासक ज्याला 'फॅन फिक्शन' म्हणतात ते लेखन, यांत रचनातत्त्वाचा भेद दाखविणे कठीण आहे. (गुणवत्तेचा भेद असू शकतो, पण तो कादंबरी-कादंबरीतही असतो.)

भेद आहे तो मालकीचा. कर्ण कोणाच्याही मालकीचा नाही. दूरचित्रमालिका मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटकृती ठरते आणि प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे संरक्षित राहते. २०१६ मधील भागांसाठी ही मुदत २०७६ च्या अखेरीस संपेल. पात्राला या कायद्यात स्वतंत्र स्थान नाही, त्याची कक्षा न्यायालयांवर सोडलेली आहे. त्यामुळे शेवंताच्या बाजूने कोणी कादंबरी लिहिली, तर ती छापताना प्रकाशक कचरणारच. मागे जाऊन दोषाची कथा सांगण्याचा हक्क २०१९ मध्ये वाहिनीने सहज वापरला. प्रेक्षकाला तो केवळ बोलण्यापुरता उरला.

आणि बोलणे टिकत नाही. 'मृत्युंजय'ची पाने ग्रंथालयात आहेत. अण्णांचा निवाडा मात्र ओसरीवर, लोकलच्या डब्यात, चहाच्या टपरीवर झाला. साधारणीकरणाची चर्चा करणाऱ्या मराठी समीक्षेने प्रेक्षकाला नेहमी एकवचनी 'सहृदय' मानले. भांडणारे, एकमेकांना खोडून काढणारे प्रेक्षक तिच्या परिभाषेत बसले नाहीत, म्हणून त्यांची नोंदही झाली नाही. भावी अभ्यासकाला मालिकेचे भाग मिळतील, पण त्या भागांचे प्रेक्षकांनी काय केले, हे मिळणार नाही.